‘मॅकबेथ’चं संदर्भ-टिपण स्वतः कसं तयार करावं?

बी.ए. इंग्रजीला बाजारातल्या गाईडची खरी अडचण चुकांची नसते. सारांश आणि स्वभावचित्रं आयती मिळाली की मूळ नाटक उघडलंच जात नाही, आणि उताऱ्यावर प्रश्न आला की पेन अडतं. म्हणून नेमलेल्या प्रत्येक कृतीचं आठ-दहा पानी टिपण स्वतः करावं. नमुन्यादाखल ‘मॅकबेथ’ घेऊ. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधली ही सर्वांत छोटी आहे.

आधी टीपा असलेली एकच आवृत्ती ठरवा: आर्डेन, न्यू केंब्रिज किंवा फोल्जर. फोल्जरची संहिता इंटरनेटवर मोफत आहे. आवृत्ती बदलली की ओळींचे क्रमांक पुढेमागे होतात, म्हणून टिपणाच्या पहिल्याच पानावर आवृत्तीचं नाव लिहा.

एक अंक एका बैठकीत, न थांबता वाचा. दुसऱ्या वाचनात शब्द पाहा. कठीण शब्द आपण शोधतोच, फसवतात ते ओळखीचे. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात रॉस मॅकबेथला कॉडरचा सरदार म्हणून ‘अ‍ॅडिशन’ देतो. इथे त्याचा अर्थ किताब, पदवी. बेरीज किंवा भर असा अर्थ धरला तर वाक्य लागतच नाही.

मग पानावर तीन रकाने आखा: अंक-प्रवेश-ओळ, पाच ते आठ शब्दांचं अवतरण, आणि कोण-कुणाला-केव्हा यासह स्वतःचं एक वाक्य. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका, टिपणाचा सगळा जीव त्यात आहे. उदाहरणार्थ, पहिल्याच प्रवेशात चेटकिणी म्हणतात, ‘फेअर इज फाउल, अँड फाउल इज फेअर.’ तिसऱ्या प्रवेशात मॅकबेथचं नाटकातलं पहिलं वाक्य येतं: ‘सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन.’ चेटकिणी अजून त्याच्या नजरेला पडलेल्याही नाहीत, तरी त्यांचेच शब्द त्याच्या तोंडी आहेत. नियती की स्वतःची इच्छा, या हमखास प्रश्नाचं उत्तर या एका नोंदीवर उभं राहतं. संपूर्ण नाटकासाठी अशी पंचवीस-तीस अवतरणं पुरतात. शंभर उतरवली तर एकही पाठ होत नाही.

संज्ञांसाठी एम. एच. अब्राम्स यांचा साहित्य-संज्ञांचा कोश (‘अ ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स’) वापरा. त्यात अनेक संज्ञा मोठ्या नोंदींच्या पोटात असतात, त्यामुळे थेट अक्षरानुसार शोधलं तर सापडत नाहीत. आधी शेवटची सूची पाहा. ‘ड्रॅमॅटिक आयरनी’ (पात्राला ठाऊक नसलेलं प्रेक्षकांना ठाऊक असणं) ही ‘आयरनी’च्या नोंदीत मिळेल. व्याख्येखाली लगेच नाटकातली जागा लिहा: चेहऱ्यावरून मन ओळखण्याची कला नाही, असं राजा डंकन कॉडरच्या आधीच्या, दगाबाज सरदाराबद्दल म्हणतो, आणि त्याच क्षणी मॅकबेथ प्रवेश करतो. त्याच्या मनात खुनाचा विचार येऊन गेल्याचं प्रेक्षकांना ठाऊक असतं, डंकनला नाही.

पार्श्वभूमीला अर्धं पान पुरे. ज्या माहितीला संहितेतली ओळ जोडता येत नाही ती गाळा. 1605चा गनपावडर कट (राजा जेम्सला संसदेसह उडवून देण्याचा) नुसता लिहून उपयोग नाही. त्याच कटावरून 1606मध्ये चाललेल्या फादर गार्नेट या धर्मगुरूच्या खटल्यात गाजलेलं दुटप्पी बोलणं नाटकातल्या द्वारपालाच्या ‘इक्विव्होकेटर’ (दुटप्पी बोलणारा) या शब्दाशी जोडलं, तर गुण मिळतात.

समीक्षेसाठी परस्परविरोधी दोघे निवडा. ए. सी. ब्रॅडली (1904) पात्रांच्या मनाचा शोध घेतात; एल. सी. नाइट्स (1933) त्या पद्धतीवरच हल्ला चढवतात. प्रत्येकाचा दावा दोन वाक्यांत, आधाराची ओळ आणि तुमची एक हरकत लिहा. लेख मिळत नसतील तर कॉलेजच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी सेवा) लॉगिन मागा.

गाईड उघडायचं ते सगळ्यात शेवटी, काही निसटलं का हे ताडण्यापुरतं. त्यातलं अवतरण मूळ संहितेत सापडल्याशिवाय टिपणात घेऊ नका. बोलणाऱ्या पात्राचं नावही तपासा.