कातळशिल्पात आधीची रेघ कोणती, नंतरची कोणती?

गुहाचित्रांत रंगाचे थर असतात, त्यांचा बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षी, बारसू, देवीहसोळच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, मात्र आकृत्या थेट जांभ्या दगडात कोरलेल्या आहेत, त्यामुळे क्रम वाचायचा तो एकमेकींना छेदणाऱ्या खाचांवरून. तांबडा डाग दिसला म्हणून रंग समजू नका. जांभ्यात लोह ठासून भरलेलं असतं, म्हणून गेरू शोधायला केलेली लोहाची तपासणी इथे फसवते.

पावसाळ्यानंतर गवत वाळलं की जमीनमालकाची परवानगी घेऊन काम सुरू करा. मऊ कुंच्याने फक्त सुटा पालापाचोळा झाडा. तारेचा ब्रश, पाण्याचा मारा, खडूने रेघा गिरवणं, सगळं वर्ज्य. खडूची पूड जांभ्याच्या छिद्रांत बसते आणि पुढच्या अभ्यासकाला तुमचीच रेघ दिसते. खाचेत मातीचा जाड थर असेल तर तो हलवू नका. त्यातले कण शेवटचे कधी उजेडात आले ते प्रयोगशाळेत काढता येतं, पण एकदा ऊन लागलं की तो पुरावा गेला. नमुना घेणं हे पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने, तज्ज्ञांनीच करायचं काम.

फोटो सूर्योदयानंतरच्या तासाभरात घ्या, ऊन डोक्यावर आलं की उथळ खाचा दिसेनाशा होतात. शेजारशेजारचे फोटो ७०–८० टक्के एकमेकांवर येऊ द्या, चौकटीत मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण हवा. प्रत्येक छेदबिंदूवर रात्री पुन्हा जा. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का ठेवून विजेरी जमिनीलगत धरा आणि आठ दिशांनी उजेड टाका.

आता खरा पेच. दोन्ही खाचा सारख्या खोल असतील तर जिच्या तळातल्या हत्याराच्या खुणा छेदावर अखंड, ती नंतरची. पण एक खोल आणि एक उथळ असेल तर क्रम कोणताही असो, खोल खाचच अखंड दिसते, कारण उथळ खाच तिच्या तळापर्यंत पोचतच नाही. कडेचे टवके किंवा हत्याराच्या खुणा क्रम दाखवत नसतील तर ‘अनिर्णित’ लिहा. काळपटपणावर तर अजिबात विसंबू नका. साचलेलं पाणी, शेवाळ, वणव्याची काजळी यांनी ताजी खाचही जुनाट दिसते.

नोंदीत प्रत्येक छेदाला क्रमांक द्या आणि ‘आधी’, ‘नंतर’, ‘अनिर्णित’ एवढेच शेरे ठेवा. मग हॅरिस मॅट्रिक्स, म्हणजे आधी-नंतरचा क्रम रेघांनी जोडून दाखवणारा तक्ता, काढा: सर्वांत जुनी आकृती तळाशी, नवी वर. ज्या दोन आकृत्या एकमेकींना कुठेच छेदत नाहीत, त्यांना शैलीच्या साम्यावरून रेघेने जोडू नका.