दोन क्लाउड सोबत वापरायचे तं आधी हे पाहून घ्या

एकाच कंपनीच्या भरवशावर काऊन राहायचं म्हणून लोकं पहिल्याच दिवशी तीन-तीन क्लाउडवर, म्हणजे नेटवरून भाड्याने सर्व्हर अन् जागा देणाऱ्या कंपन्यांकडे, अकाउंट उघडून बसतात आणि मग महिन्याच्या शेवटी बिल पाहून डोक्याला हात. असं नका करू भाऊ. एक मेन क्लाउड धरा, त्यात हात बसला की दुसऱ्याला एकच काम द्या, बॅकअपचं.

नावांचं टेन्शन नाही, माल तोच पाटी वेगळी. भाड्याचा सर्व्हर ॲमेझॉनकडे ईसीटू, मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरकडे व्हर्च्युअल मशीन, गुगलकडे कम्प्यूट इंजिन. फाइली ठेवायला एस-थ्री, ब्लॉब स्टोरेज, क्लाउड स्टोरेज.

मग रीजन, म्हणजे सर्व्हर खरोखर जिथं ठेवलेले असतात ते ठिकाण. आपण नागपूरवाले, पण इथं सगळ्यांना सहज मिळणारा तिघांचाही नाही. ॲमेझॉनचे मुंबई (2016) आणि हैदराबाद (2022), गुगलचे मुंबई नि दिल्ली, अझ्युरचा पुण्याला आहे. नकाशात आपल्याला हैदराबाद जवळ, पण नव्या रीजनमध्ये काही सर्व्हिस मिळत नाहीत, आधी लिस्ट पाहा. आणि अकाउंट उघडल्यावर स्क्रीनवर वर कोपऱ्यात कोणता रीजन निवडलेला आहे तेही पाहा, माझा पहिला सर्व्हर अमेरिकेत बनला होता आणि मी महिनाभर "साइट स्लो काऊन आहे" म्हणून नेटवाल्याला फोन करत होतो.

खरी गंमत पैशाची. आपल्याकडे जकात नाक्यावर माल गावात येताना पैसे लागायचे, इथं उलटं, डेटा आत न्यायला सहसा फुकट आणि बाहेर काढायला जीबीमागे पैसे. ॲमेझॉनवर इंटरनेटकडे जाणारा महिन्याला 100 जीबी माफ, त्यापुढे मीटर चालू. म्हणून ॲप एका क्लाउडवर अन् डेटाबेस दुसऱ्यावर असला उद्योग नको, दिवसभर जकात भराल. सर्व्हर स्टॉप केला तरी डिस्कचं भाडं चालूच राहते. खर्च ठरवलेल्या आकड्यावर गेला की कळवणारा बजेट अलर्ट लावा, पण तो सहसा फक्त मेल पाठवते, आपणहून सर्व्हर बंद करत नाही.

बॅकअपसाठी मी आरक्लोन (rclone) वापरतो, एका क्लाउडवरच्या फाइली दुसरीकडे नेणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि तिन्हीकडे चालते. रात्री 2 वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) 'कॉपी' कमांड. 'सिंक' नाही बरं, सिंक लावलं की इकडे चुकून उडालेली फाइल तिकडूनही उडवते, मग कसला बॅकअप! दोन्ही अकाउंटचे पासवर्ड वेगळे, मोबाइलवरचा ओटीपी दोन्हीकडे चालू, आणि बॅकअपच्या चावीला (आरक्लोन ज्यानं अकाउंटात शिरते तो कोड) डिलीटची परवानगीच देऊ नका. महिन्यातून एकदा दुसऱ्या क्लाउडवरून एखादी फाइल खाली उतरवून उघडून पाहा, माझी पहिली उघडली तं शून्य केबीची निघाली होती.