सिम्युलेशनमध्ये न काढलेल्या जागेत काय भरायचं?

संगणकावर अँटेनाचं मॉडेल करताना आपण पॅच (धातूचा पत्रा) काढतो, सबस्ट्रेट (त्याखालचा विद्युतरोधक थर) काढतो, कोअ‍ॅक्सची आतली तारही काढतो. भोवतालची हवा मात्र बहुतेक वेळा काढायची राहते. सॉफ्टवेअरला ते चालत नाही. प्रत्येक बिंदूपाशी कुठलं तरी मटेरियल असल्याशिवाय मॅक्सवेलची समीकरणं सुटत नाहीत, म्हणून उरलेल्या सगळ्या जागेत ते स्वतःहून ‘बॅकग्राउंड मटेरियल’ भरतं. गंमत अशी की हे चुकलं तरी सहसा एररचा संदेश येत नाही. आलेख येतो, आणि तो दिसायला अगदी व्यवस्थित असतो. म्हणून ही सेटिंग पहिली आकृती काढण्याआधीच ठरवून टाका.

१. रचना उघडी आहे की बंद, ते ठरवा

अँटेना ऊर्जा बाहेर फेकते, म्हणून तिच्याभोवती निर्वात हवं. वेव्हगाइड (लाटा वाहून नेणारी नळी) किंवा कॅव्हिटी (लाटा कोंडणारी पोकळी) धातूने बंद असते. तिथे बॅकग्राउंड पीईसी, म्हणजे आदर्श वाहक, ठेवलं की काम हलकं होतं. डब्ल्यूआर-९० वेव्हगाइडसाठी २२.८६ × १०.१६ मिलिमीटर छेदाचा निर्वाताचा नुसता एक ठोकळा काढायचा. भिंती काढाव्याच लागत नाहीत, कारण बाहेरचं सगळं जग धातूचं आहे. भिंतीतला लॉस, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा, मोजायचा असेल तर मात्र पीईसी पुरत नाही. तिथे तांब्याची वाहकता, सुमारे ५.८ कोटी सीमेन्स प्रति मीटर, द्यावी लागते.

२. तुमचं सॉफ्टवेअर काय गृहीत धरतं ते पाहा

सीएसटीमध्ये बॅकग्राउंडची स्वतंत्र खिडकी आहे. तिथे मटेरियलचा प्रकार आणि सहा बाजूंचं अंतर भरायचं असतं. अँटेनासाठी प्रकार ‘नॉर्मल’ निवडा, म्हणजे तुम्ही भराल ते आकडे असलेलं साधं द्रव्य. एचएफएसएसमध्ये न काढलेली जागा आदर्श वाहक मानली जाते, म्हणून हवेची पेटी स्वतः काढून तिच्या पृष्ठांवर रेडिएशन बाउंडरी (लाट बाहेर जाऊ देणारी कड) लावावी लागते. कॉम्सोलच्या उच्च वारंवारतेच्या इंटरफेसमध्येही हवा काढावी लागते, आणि बाहेरच्या कडा आपोआप आदर्श वाहक धरल्या जातात.

३. आकडे भरा

निर्वातासाठी सापेक्ष परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला द्रव्याचा प्रतिसाद) १, सापेक्ष पर्मिअ‍ॅबिलिटी १ (ती चुंबकीय क्षेत्रासाठी), वाहकता ०. हवेची परमिटिव्हिटी साधारण १.०००६ असते. या फरकाने २.४५ गिगाहर्ट्झचा अनुनाद जेमतेम पाऊण मेगाहर्ट्झ सरकतो. अँटेनाला त्याचं सोयरसुतक नाही, पण हजारोंत क्यू (अनुनादाचा टोकदारपणा) असलेल्या कॅव्हिटीला तो नक्की जाणवतो.

पाण्याखालचा सेन्सर असेल तर विचार करूनच आकडे भरा. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची परमिटिव्हिटी सुमारे ७८ असते, पण ती वारंवारतेबरोबर घटते आणि लॉस वाढतो. त्यामुळे एकच स्थिर आकडा रुंद बँडला चालत नाही, वारंवारतेनुसार आकडे बदलणारं डिस्पर्सिव्ह मॉडेल लागतं. २.४५ गिगाहर्ट्झला हवेतली १२२ मिलिमीटरची तरंगलांबी पाण्यात १४ च्या आसपास येते. मेश, म्हणजे गणनेसाठी जागेची केलेली जाळी, त्याच प्रमाणात बारीक होतो आणि गणनेचा वेळ भलताच वाढतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे बॅकग्राउंड पाणी केलं की ते प्रत्येक पोकळीत शिरतं. सेन्सरच्या डबीच्या आत, कनेक्टरच्या फटीत, जिथे तुम्ही काहीच काढलं नाही तिथे सगळीकडे. आतली कोरडी जागा निर्वाताचा वेगळा ठोकळा म्हणून काढावीच लागते. शिवाय लॉस असलेल्या माध्यमात लाट अंतरागणिक विरत जाते, त्यामुळे तिथे नेहमीच्या अर्थाने फार-फील्ड गेन (दूरवर एका दिशेला मिळणारी ताकद) काढण्यात अर्थ नसतो.

४. अंतर आणि बाउंडरी एकत्र ठरवा

बॅकग्राउंड म्हणजे भरलेलं द्रव्य, बाउंडरी म्हणजे जिथे गणना संपते ती कड. नवखे लोक या दोन्हींची गल्लत करतात. अँटेनापासून कडेपर्यंत किमान पाव तरंगलांबी ठेवा, आणि ती बँडच्या सर्वांत कमी वारंवारतेची धरा. १ ते ३ गिगाहर्ट्झच्या अँटेनाला हवेत हे अंतर ७५ मिलिमीटर होतं. सबस्ट्रेट ओपन बाउंडरीला, म्हणजे लाट बाहेर जाऊ देणाऱ्या कडेला, टेकू देऊ नका, नाहीतर सॉफ्टवेअर तो अनंतापर्यंत पसरलेला मानेल.

५. कामाला लावण्याआधी पडताळा

आधी एक साधा अर्धतरंग डायपोल चालवा. त्याची डायरेक्टिव्हिटी (ऊर्जा एका दिशेला किती एकवटते ते) २.१५ डीबीआयच्या आसपास आली पाहिजे. एस११, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या लाटेचं प्रमाण, सगळ्या बँडभर ० डेसिबलला चिकटून बसला, तर अँटेना बहुधा धातूच्या बंद पेटीत आहे. ऊर्जा बाहेर जायला वाटच नाही, म्हणून सगळी परत येते. नंतर खऱ्या मॉडेलमध्ये चारी बाजूंचं, वरचं आणि खालचं अंतर दुप्पट करून पुन्हा चालवा. आलेख लक्षात येण्याइतका हलला तर पहिलं अंतर कमी पडत होतं. वाढवा आणि पुन्हा बघा.