आधी टाळी, मग स्पेलिंग

यावल-रावेर पट्ट्यातल्या पोरांना मी इंग्रजी शिकवते. अनेकवचनाचे नियम मी त्यांना पाठ करायला लावत नाही, शब्द मोठ्याने म्हणायला लावते. इंग्रजीचं स्पेलिंग एरवी उच्चाराला धरून चालत नाही, पण इथे बहुतेक वेळा कानावर विसंबता येतं.

आमच्याकडे पोर केळीच्या बागेतच वाढतं, म्हणून सुरुवात घडापासून. घड म्हणजे बंच, शेवटी सी-एच. त्याला नुसता एस जोडून म्हणून बघा. जीभ अडखळते, कारण 'च'नंतर लगेच 'स' निघत नाही, मध्ये स्वर लागतो. त्या स्वरासाठी ई येतो आणि होतं बंचेस. आता टाळ्या वाजवा: बंचला एक, बंचेसला दोन. टाळी वाढली की ई-एस. बस, बॉक्स, डिश, ब्रश, सगळ्यांना हेच लागू. ऑरेंजचीही टाळी वाढते, पण तिथे ई आधीच आहे, म्हणून नुसता एस पुरतो. स्टमकच्या शेवटी सी-एच दिसतं, पण ऐकू येतो 'क'. टाळी वाढत नाही, म्हणून एसच. पोरं इथेच फसतात, तेव्हा हा शब्द मी मुद्दाम फळ्यावर ठेवते. क्विझला तेवढा झेड दोनदा लिहायचा, मग ई-एस.

एफचंही कानच सांगतो. लीफचं लीव्ह्ज म्हणताना 'व्ह' स्पष्ट येतो, म्हणून एफ जाऊन वी-ई-एस. नाइफ आणि काफ, म्हणजे वासरू, यांचंही तसंच. रूफ आणि चीफ बोलताना 'फ'च राहतो, म्हणून फक्त एस.

वायला मात्र डोळे लागतात. वायच्या आधी व्यंजन असेल, जसं जिनिंग फॅक्टरीतल्या फॅक्टरीत आर आहे, तर वाय काढून आय-ई-एस. की, डे, बॉय यांत आधी स्वर आहे, तिथे वायला हात लावू नका.

ओ-अंती शब्द पाठच करावे लागतात. पोटॅटो, टोमॅटो, हिरो यांना ई-एस. फोटो, रेडिओ, पियानो यांना एस. मँगो दोन्ही रीतींनी चालतो.

पोळ्याच्या निबंधात हमखास 'ऑक्सेस' सापडतं. बरोबर रूप ऑक्सन. जुन्या इंग्रजीत असं 'न'कारान्त अनेकवचन पुष्कळ शब्दांना होतं, आज चिल्ड्रनसारखे थोडेच उरलेत. शीप एक असो की कळप, शीपच.

आणि अनेकवचन करताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी कृपा करून टाकू नका. नामाला तो मालकी दाखवायला लागतो. दुकानाची पाटी रंगवून घेताना पेंटरलाही हे आधीच सांगा.