आवाज बसून ३ आठवडे झाले? आधी दुर्बीण घालून बघा

बाबांचा आवाज बसला तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, मग ॲसिडिटीच्या गोळ्या, आणि आम्ही हळद-मिठाच्या गुळण्यांत २ महिने घालवले. विड्या ओढणारा माणूस असेल आणि आवाज ३ आठवड्यांत सुटला नाही तर स्वरयंत्राचा कॅन्सर असू शकतो, म्हणून थेट कान-नाक-घसावाल्याकडे जा आणि घसा दुर्बिणीने बघा असं तुम्हीच म्हणा, नुसता टॉर्च मारून स्वरयंत्र दिसत नाही.

दुर्बिणीला घाबरू नका. नाकात बधिर करायचा स्प्रे मारतात (कडू लागतो, घसा जाड झाल्यासारखा वाटतो), बारीक लवचिक नळी आत सरकवतात, "ईऽऽ म्हणा" सांगतात, ५ मिनिटांत मोकळे. नंतर बधिरपणा जाईपर्यंत चहा-पाणी काहीच देऊ नका, ठसका लागतो. जमल्यास एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) असलेली दुर्बीण आहे का विचारा, त्यात फक्त निळा-हिरवा प्रकाश असतो, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात आणि साध्या उजेडात निसटलेला डाग सापडू शकतो. पण कॅन्सर आहे की नाही ते तुकडा तपासल्यावरच ठरतं.

स्वरतंतूवरची गाठ अगदी छोटी असतानाच आवाज बदलते, म्हणून लवकर सापडते, हे त्यातल्या त्यात नशीब. एकाच स्वरतंतूवर असेल तर बऱ्याचदा तोंडातूनच लेझरने काढतात, मानेवर चिरा नाही. पूर्ण भूल असते, तोंडातून लोखंडी नळी घालून मायक्रोस्कोपखाली काम चालतं. नळी दातांवर टेकते, म्हणून हलणारे दात, कवळी, मान मागे न वळणं हे आधीच सांगा, ऐनवेळी नको. लेझरने श्वासासाठी घातलेली नळी पेटू शकते म्हणून तिथे खास नळी आणि ओला कापूस वापरतात, हे ऐकून मी जरा गारच पडलो होतो. दुसरा पर्याय रेडिएशन, साधारण ६ आठवडे रोज जायचं, सुरुवातीच्या स्टेजला दोन्हीचे रिझल्ट चांगले असतात, तेव्हा आवाज कशात बरा राहील हे दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा.

घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस मौन, आणि कुजबुजायचं पण नाही, त्यानेही ताण येतो. आम्ही बाबांना पाटी-पेन्सिल दिली, तर पहिल्याच दिवशी लिहिलं "विडी".

नाहीच दिली. आता दर २ महिन्यांनी दुर्बीण असते, ती तारीख चुकवत नाही.