मक्याचा उतारा काढायला शिकताना: हात चांगल्या कणसाकडेच जातो

काढणीआधीच उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, किती येईल याचा अंदाज काढायचं सूत्र तुम्हाला माहीत असेलच: हेक्टरातली कणसं गुणिले एका कणसातले दाणे गुणिले दाण्याचं वजन. दोन तासांत, म्हणजे पिकाच्या दोन ओळींत, 60 सेंटिमीटर अंतर असेल तर एका ओळीवर 16 मीटर 67 सेंटिमीटर टेप धरायचा, म्हणजे 10 चौरस मीटर होतात. तेवढ्यातली कणसं मोजायची, ताटं नव्हे. काही ताटं वांझ असतात, त्यांना कणीसच नसतं. दाणे चिकात आले, म्हणजे दाबल्यावर दुधासारखा चीक यायला लागला, की मोजायला हरकत नाही.

मी फसलो ते पुढे. टेपात 60 कणसं होती, दाणे मोजायला तीन निवडली. वरची पानं सोलली, तर 16 रांगा, रांगेत 36 दाणे. हजार दाण्यांचं वजन 280 ग्रॅम धरलं आणि हेक्टरी 97 क्विंटल लिहून दिले. काढणीला निघाले 70. कित्येक रात्री मी तो कागद काढून बघत होतो. आकडेमोड बरोबरच होती. चूक ‘निवडली’ या एका शब्दात होती. जाड, भरलेलं कणीस डोळ्यांत भरतं आणि हात तिकडेच जातो. ‘मी मुद्दाम नाही घेतलं’ म्हणून भागत नाही, मुद्दाम कोणीच घेत नाही. म्हणून तासात शिरण्याआधीच ठरवा: दर पाचवं कणीस. पाचवं किडकं निघालं, बोटभर निघालं, तरी तेच. शेजारचं घ्यायचा मोह झाला, की समजा तुमचा आकडा फुगायला लागला. जागेचंही तसंच. बांधाकडच्या ताटांना ऊन जास्त मिळतं, ती सोडा. आत ठरलेली पावलं मोजा आणि थांबाल तिथेच टेप टाका.

रांगा सम असतात. 15 आल्या तर पुन्हा मोजा. टोकाचे बारीक दाणे धरू नका.

बांधावरून नजर टाकून आकडा सांगणाऱ्याकडून शिकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची नजर खरी असेलही, पण ती तुम्हाला देता येत नाही. सोबत वाकून दाणे मोजणारा माणूस शोधा.

दाण्याचं वजन मात्र चिकाच्या अवस्थेत अंदाजानेच धरावं लागतं. पुढे पाण्याचा ताण पडला तर दाणा हलका राहतो. त्यात तुमचा दोष नाही. दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला की भरणं थांबतं, तेव्हा पुन्हा मोजा.

निदान पाच जागा घ्या. एका जागी 50 क्विंटल आणि दुसरीकडे 80 आले तर घाबरू नका, शेतच तसं असतं. दोन्ही आकडे लिहा. 50 खोडू नका.