सापाच्या विषातलं प्रोटीन मोजताना या चुका टाळा

सुकवलेलं विष 1 मिलिग्रॅम तोललं म्हणजे 1 मिलिग्रॅम प्रोटीन हाती आलं, असं होत नाही. त्या पावडरीत क्षार, न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या घटकांसारखे छोटे रेणू) आणि ओलावाही असतो. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या लॅबमध्ये जुलैत हा ओलावाच आधी दगा देतो. फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडली की पावडर दमट होते आणि वजन फुगतं. कुपी बंद ठेवूनच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तोलताना पंखा बंद. मास्क, गॉगल, हातमोजे घातलेले हवेतच, कारण ही पावडर उडते आणि श्वासातून गेली तर ॲलर्जी जडू शकते.

विरघळवल्यावर 4 अंशांवर 10,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 10,000 पट) बलाने 10 मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. गढूळ द्रावणात प्रकाश विखुरतो आणि आकडा खोटा चढतो. पुढचं काम बर्फावर. घोणस आणि फुरशाच्या विषातले प्रोटिएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) टेबलावर ठेवलेल्या नळीत स्वतःचीच प्रोटीनं तोडत राहतात.

सर्वांत महागात पडते ती फिल्टरची चूक. बफर बदलायला हाताशी असलेला 10 किलोडाल्टनचा (किलोडाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप; त्याहून लहान रेणू आरपार जातात) फिल्टर घेतला जातो. नागाच्या विषातली थ्री-फिंगर टॉक्सिन्स ही छोटी विषारी प्रोटीनं जेमतेम 6 ते 8 किलोडाल्टनची, म्हणजे विषाचा मोठा आणि मारक भाग फिल्टरमधून गाळून खाली जातो आणि वरच्या द्रावणाचं रीडिंग बिनधास्त नोंदवलं जातं. 3 किलोडाल्टनचाच फिल्टर वापरा, आणि गाळून खाली आलेलं द्रावणही एकदा मोजा.

280 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, हे रीडिंग झटपट मिळतं, पण न्यूक्लिओसाइडही तिथे प्रकाश शोषतात. शिवाय प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन, टायरोसिन ही अमिनो आम्लं किती, यावर ते ठरतं. अंदाजापुरतं ठीक.

ब्रॅडफर्ड या रंग-चाचणीतला रंग मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लाला धरतो आणि साधारण 3 किलोडाल्टनखालचे पेप्टाइड त्याला दिसत नाहीत. स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत प्रमाणाचं प्रोटीन) म्हणून वापरतो ते बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, या रंगाला इतर बऱ्याच प्रोटीनांपेक्षा जास्त प्रतिसाद देतं, त्यामुळे नमुन्याचा आकडा कमी येतो. स्टँडर्डच्या रीडिंगचा आलेख, म्हणजे कर्व्ह, वाकतो; सरळ रेषा ओढू नका.

कच्च्या विषासाठी बीसीए ही तांब्यावर चालणारी रंग-चाचणी बरी. प्लेटमध्ये 25 मायक्रोलिटर नमुना, 200 मायक्रोलिटर रिएजंट (ए आणि बी 50:1), 37 अंशांवर 30 मिनिटं, थंड करून 562 नॅनोमीटर. रंग पुढेही चढत राहतो, म्हणून सगळी प्लेट 10 मिनिटांत वाचून संपवा. नमुन्यात डीटीटी (प्रोटीनमधले सल्फर-बंध तोडणारं रसायन) असेल तर रंग उगाच गडद होतो. प्रोटिएज थांबवायला घातलेलं ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) तांबं अडवतं आणि रंग उतरतो. तेवढंच ईडीटीए ब्लँकमध्ये (प्रोटीन नसलेल्या नमुन्यात) आणि प्रत्येक स्टँडर्डमध्ये घाला.

नमुना 2, 4 आणि 8 पट पातळ करून मोजा. गुणाकार करून तिन्ही उत्तरं 10 टक्क्यांच्या आत जुळायला हवीत. पातळ करत जाताना उत्तर चढत गेलं, तर मूळ नमुना कर्व्हच्या बाहेर होता किंवा काहीतरी रंग दाबतंय. ब्रॅडफर्ड आणि बीसीएचे आकडे वेगळे आले तर सरासरी काढू नका; पद्धत आणि स्टँडर्डचं नाव आकड्याशेजारी लिहा.

प्रतिविषाच्या कुपीवर 1 मिलिलिटर नागाचं 0.6 आणि मण्यारचं 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं, असं छापलेलं असतं. ते मिलिग्रॅम सुक्या विषाचे आहेत. तिथे प्रोटीनचे मिलिग्रॅम धरले तर विषाची मात्रा जास्त पडते आणि चांगलं प्रतिविषही चाचणीत कमकुवत ठरतं.